डोक्यावरची दारे

शेंद्रीच्या वाडीत ठकीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येई. तिला नदीवर धाडले तर भरलेला हंडा घरी येतो, ठकी मात्र नदीवरच राहते. "जैतूनं बायको आणली खरी, पन निम्मीच आणली," असे म्हातारी शांती म्हणे आणि मिश्रीने काळे झालेले दात दाखवून हसे. कोणी म्हणे, ती चुलीपुढे बसून झाडांशी बोलते. कोणी म्हणे, झाडांशी नव्हे, नावांशी बोलते. वाडीतल्या एकेका बाईचे नाव घेते आणि हाताचे एकेक बोट मिटत जाते. यातले शेवटचे मात्र खरे होते.

वाडी आपटा गावाच्या पलीकडे, पाताळगंगेच्या एका वळणावर. वरच्या वीजघरातून पाणी सुटले की भर उन्हाळ्यातही नदी वाढते, पात्रातले दगड एकामागून एक बुडतात, आणि पाणी ओसरले की पुन्हा आपापल्या जागी बसलेले दिसतात. लहानपणापासून ठकीला हे पाहत बसण्याचे वेड होते. कोणता दगड आधी बुडतो, कोणता शेवटी, हे तिला पाठ होते. पाण्याखालच्या दगडांना वर लोक आहेत हे कळत असेल का, असे तिने एकदा जैतूला विचारले होते. जैतूने विडी झटकली आणि म्हटले, "दगडाला इचार. मला भाकर दे."

ती कातकऱ्यांची तीसेक घरांची वाडी. दिवाळी झाली की वाडी रिकामी होई आणि पळस्प्याजवळच्या वीटभट्ट्यांवर जाऊन बसे, ती वैशाखात परते. ठकीचे माहेर आणि सासर दोन्ही याच वाडीत, आणि जन्म भट्टीवरचा. कोणत्या भट्टीवरचा, ते आईलाही नीट आठवत नव्हते. आश्रमशाळेत ती चौथीपर्यंत टिकली. अक्षरे जुळवता येऊ लागली तेवढ्यात धाकट्या भावाला सांभाळायला तिला घरी आणले. पण जुळवलेली अक्षरे कोणी परत घेऊ शकत नव्हते. भजी बांधून आलेला कागद, सिमेंटची गोणी, ट्रकच्या मागे रंगवलेला मजकूर, ती वाचत राहिली.

ती सात-आठ वर्षांची असताना बाप एके दिवशी दुपारीच भट्टीवर परत आला. त्याच्या बोटावर काळी-जांभळी रेघ होती. टेम्पो पाठवून सगळ्या बाप्यांना गावी नेले होते, खायला घातले होते, आणि परत आणून सोडले होते. ठकीला ती रेघ फार आवडली. ती बोट धरून बसली. आईने मात्र त्या बोटाकडे पाहिलेही नाही, ती विटांच्या मातीचा गारा तुडवत होती. त्या उन्हाळ्यात वाडीत परतल्यावर ठकीने जांभळे चिरडून आपल्या बोटावर तशीच रेघ ओढली, आणि आईच्या बोटावर ओढायला गेली तर आईने हात झटकला. "एका घराला एक बोट पुरं," आई म्हणाली. वाडीत तसेच समजत. मत घराचे असते, आणि घराचे बोट म्हणजे बाप्याचे बोट.

लग्नानंतर पाच-सहा वर्षांनी असाच टेम्पो भट्टीवर आला, तेव्हा ठकी विटांचा साचा खाली ठेवून, हात धुऊन त्यात चढून बसली. बाप्ये हसले. जैतू हसला नाही, पण त्याने मान दुसरीकडे वळवली. गावच्या शाळेत रांग लागली होती. टेबलामागच्या माणसाने यादीवरून बोट फिरवले, पान उलटले, पुन्हा फिरवले.

"तुमचं नाव नाही, बाई."

"ठकी जैतू वाघमारे."

"जैतू आहे. ठकी नाही."

ती परत फिरली. त्या दिवशी टेम्पोची वाट न पाहता ती भट्टीपर्यंत चार कोस चालत आली, आणि वाटेत तिला काहीतरी विलक्षण वाटत राहिले. आपण रस्त्याने चाललो आहोत, आपली सावली पडते आहे, पायाला डांबर चटके देते आहे. आणि त्या कागदात आपण नाही. मग कागदात ज्या आहेत, त्या बाया कोण? त्या कशा दिसत असतील? पुढे कित्येक दिवस विटा थापताना तिला ती दुसरी वाडी दिसे: कागदातली, पांढरी, ओळीत बसवलेली, जिथे नुसते बाप्येच राहतात, आणि चुली पेटत नाहीत.

तेव्हापासून दर वर्षी शाळेच्या भिंतीवर यादी लागली की ठकी तिच्यासमोर उभी राही. बोट ठेवून वाचे. शाळेतल्या गुरुजींना गाठून अर्ज लिहवून घेई, बायांचे अंगठे गोळा करी, फोटोसाठी त्यांना पनवेलच्या बाजारात घेऊन जाई. बाया कुरकुरत, पण फोटो काढायला जात, कारण फोटो सगळ्यांनाच आवडे. अशी दहा नावे चढली, पुढच्या खेपेला चौदा. आणि दोन-तीन वर्षांनी पाहावे तर पुन्हा गळालेली. पाखरांसारखी ही नावे भट्टीच्या हंगामात उडून जातात, एवढेच तिला समजले होते. ती कुठे जातात हे समजायला वीस वर्षे लागली.

ते उलगडले वसुंधरा बाईंमुळे. बाई दोन वर्षांपूर्वी शाळेवर बदलून आल्या. शिकवण्याबरोबर घरोघरी जाऊन मतदार यादी तपासण्याचे कामही त्यांच्याकडे आले. ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ आली होती आणि वाडीची जागा या वेळी आदिवासी बाईसाठी राखीव होती. मकर संक्रांतीच्या आधी भिंतीवर कच्ची यादी लागली. भट्टीवरून मुद्दाम आलेल्या ठकीने ती वाचली आणि भिंतीखालीच बसून राहिली. वाडीतल्या बेचाळीसही बायांच्या नावांवर आडवी रेघ होती. तिच्या स्वतःच्याही. बाई उमेदवार होणार होती आणि तिला मत देणारी एकही बाई वाडीत नव्हती.

वसुंधरा बाई शाळेला कुलूप लावून बाहेर आल्या. ठकी उठली नाही.

"बाई, ह्या रेघा कोनी मारल्या?"

"मी," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज ओशाळला होता. "ठकीबाई, मी दोनदा आले वाडीत. पुरुष भेटले, रेशन न्यायला आलेले. बायको कुठे विचारलं, तर म्हणाले, ती तिकडं हाय. आणि घरं पाहिली तर दारंच नव्हती हो. नुसती भगदाडं. एका घरात शेळी बसली होती. मी काय लिहिणार? घर सोडून गेल्या, असंच लिहिलं. माझ्या आधीच्यांनीही दर वेळी तेच लिहिलंय."

ठकीने नदीकडे पाहिले. पाणी वाढत होते.

वाडीत दार बाईचे असे. कारवीच्या काठ्यांची ताटी ती स्वतः विणे, वेताने बांधे, वर्षाआड शेणाने लिंपे. आणि भट्टीवर जाताना ती ताटी सोडून डोक्यावर घेऊन जाई. भट्टीवरच्या खोपीला दार नसते, आणि मागे ठेवलेल्या ताटीला वाळवी लागते. आई नेत होती, आजी नेत होती, म्हणून ठकीही नेत होती. दार निघाले की घर झोपले आणि दार परतले की घर उठले, इतके ते साधे होते. पण हे साधे बाहेरच्याला कोणी सांगितले नव्हते. सांगायचे असते हेच कोणाला सुचले नव्हते. वीस वर्षे ठकीने अर्ज लिहवून नावे आत नेली होती, आणि दर दिवाळीनंतर स्वतःच्याच डोक्यावरून ती बाहेर काढली होती.

"आता?" तिने विचारले.

"हरकतीचे अर्ज भरू सगळ्यांचे. पण तपासायला तालुक्याचे साहेब स्वतः येणार, येत्या गुरुवारी, दुपारी. बाई समोर दिसली पाहिजे आणि घर नांदतं दिसलं पाहिजे. त्यानंतर यादी पक्की. मग माझ्या हातात काही नाही."

"गुरुवारी दिसंल," ठकी म्हणाली.

चार दिवस उरले होते. भट्टीवरचा मुकादम गोरख हा शेजारच्याच गावचा, ठकीच्या डोळ्यांसमोर मोठा झालेला. गुरुवारी सगळ्या बाया वाडीत जाणार म्हटल्यावर त्याने कपाळावर हात मारला. "आणि गारा? कालवून ठेवलेला गारा काय तुझी नावं थापणार? ठकीबाय, डोकं हाय का?"

"बाप्ये थापतील."

"बाप्ये!" गोरख इतका हसला की त्याला ठसका लागला. बाप्ये माती खणत, भट्टी रचत. वीट थापायला बायांचे हात लागत, हे भट्टीवर सगळ्यांनाच ठाऊक होते. पण हसता हसता तो थांबला. वाडीची मते आजवर तोच एका ठिकाणी वळवत आला होता, आणि त्याचा त्याला मान होता. त्याने मनातल्या मनात काही जुळवले. "बरं, बेचाळीस मतं. चांगली मोळी होईल. जा. पण मोळी बांधून माझ्या हातात द्यायची, समजलं?"

"मोळी लाकडाची बांधतात," ठकी म्हणाली. गोरखला ही घासाघीस वाटली. त्याने हसून मान डोलावली.

गुरुवारी धुके असतानाच बायांनी ताट्या सोडल्या. ठकीची सून दिपा सर्वांत जास्त कुरकुरत होती. तिचे बाळ सहा महिन्यांचे होते. "आते, दार नेलं की माज्या पोराला वारा लागल."

"एक दिस."

"एक दिस म्हनता, आन तुमाला मी वळखत नाय काय?" दिपा म्हणाली, पण बाळ झोळीत बांधून तिने ताटी उचलली.

बेचाळीस दारे हमरस्त्याच्या कडेने निघाली. ठकी सर्वांच्या मागे होती, म्हणून तिला ते सगळे दिसले. धुक्यात बाया दिसत नव्हत्या; नुसती दारे तरंगत चालली होती, एकामागून एक, थोडी हेलकावत. शेजारून न्हावा शेव्याचे कंटेनर घरघरत जात होते, एकेक कंटेनर वाडीतल्या चार घरांएवढा, आणि त्याच्या वाऱ्याने दारे एकदम कलत आणि पुन्हा सरळ होत. ठकीला वाटले, आपण जागे नाही. घरे मागे राहिली, भिंती मागे राहिल्या, फक्त दारांनी ठरवले आहे की जायचे. एका ट्रकवाल्याने गाडी हळू करून मोबाइल बाहेर काढला. "ओ मावशी, दारं विकायला काढली काय?"

"लावायला चाल्लोय," पुढून शांती ओरडली. "तुज्या गाडीला पायजे काय एक?"

ट्रकवाला हसत निघून गेला. मग बाया बोलू लागल्या, हसू लागल्या. कोणाच्या ताटीत घोरपडीएवढी पाल निघाली यावरून दहा मिनिटे रांग थांबली. कर्नाळ्याच्या सुळक्यावर ऊन आले तेव्हा धुके विरले, आणि दारांखाली पुन्हा बाया दिसू लागल्या.

दुपारपर्यंत तीसही घरांना दारे लागली. काही घरांत सासू-सून दोघींच्या ताट्या होत्या; तिथे एक पुढे लागली, एक मागे. चुली पेटल्या. वाडी भर पौषात जागी झाली आणि या दिवसांत एकटाच असणारा वाडीचा म्हातारा कुत्रा गोंधळून एका दाराकडून दुसऱ्या दाराकडे धावू लागला.

साहेब आले ते घाईत होते. वसुंधरा बाई त्यांच्या शेजारी वही धरून उभ्या. पहिलेच घर शांतीचे.

"नाव?"

शांतीने ठकीकडे पाहिले. शांतीच्या शेजारणीनेही ठकीकडे पाहिले. वाडीतल्या बायांना बाहेरच्या माणसाने कधी नाव विचारले नव्हते. विचारले तर नवऱ्याचे, आणि ते बायको घेत नाही. अर्ज ठकीने भरवले होते, नावे तिने सांगितली होती, अंगठा तेवढा त्यांचा. आताही ठकीने सांगावे, आणि सुटावे, असे साऱ्यांच्या नजरेत होते. ठकीला बेचाळीस नावे पाठ होती. वीस वर्षे ती तिच्या बोटांच्या पेरांत मुक्कामाला होती. एका दमात सांगितली असती तर साहेबांचे काम घटकेत झाले असते.

ती बोलली नाही.

"अहो, नाव सांगा ना," साहेब म्हणाले. "मला आणखी तीन वाड्या करायच्या आहेत." त्यांनी घड्याळ पाहिले आणि वही मिटायला खूण केली. वसुंधरा बाईंनी ठकीकडे विनवणीच्या नजरेने पाहिले. ठकीच्या घशात शांतीचे नाव येऊन बसले होते. तिने ते गिळले. आपण चुकतो आहोत, एवढे सगळे एका हट्टापायी वाया घालवतो आहोत, असे तिला वाटले, आणि तरीही तिने ओठ उघडले नाहीत.

"शांती," म्हातारी एकदम म्हणाली. मग, जणू साहेब फार लांब उभे आहेत अशा आवाजात, "शांती हाय मी! शांती गणू पवार!" आणि आपण नवऱ्याचेही नाव घेतले हे ध्यानात येऊन तिने पदर तोंडावर धरला. सगळी वाडी हसली. साहेबही हसले.

पुढे घरोघर नावे आपापल्या तोंडून बाहेर पडली. काही कुजबुजल्यासारखी, काही भांडल्यासारखी. आपले नाव सांगताना दिपाने बाळाला उगीचच घट्ट धरले होते.

त्या संध्याकाळी बाया परत निघाल्या तेव्हा ठकीने ताट्या सोडू दिल्या नाहीत. दार वाडीलाच राहील, आता आणि पुढेही, असे ती म्हणाली. त्यावरून मोठी भांडणे झाली. खोप्यांना त्या हंगामात साड्या आणि गोणपाटे लागली. थंडीत मुले खोकली, दिपाच्या बाळाला ताप आला, आणि दिपा सासूशी आठ दिवस बोलली नाही. बाप्यांनी थापलेल्या विटा केळ्यासारख्या वाकड्या निघाल्या. "माज्या इटा बघून मालक रडला," असे जैतू कित्येक दिवस अभिमानाने सांगत होता.

पक्की यादी लागली तीत एकोणचाळीस नावे होती. तीन का राहिली, हे वसुंधरा बाईंनाही कळले नाही. ठकीचे नाव होते. तिने ते वाचले, त्यावर बोट ठेवले, आणि मग त्या तिघींची नावे कोणत्या दोन नावांच्या मध्ये यायला हवी होती, त्या जागा शोधून तिथेही बोट ठेवले.

मतदान फाल्गुनात झाले. शेंद्रीच्या वाडीची माधुरी, बारावी झालेली, अंगणवाडीत मदतनीस, उभी होती; दुसरी शेजारच्या वाडीची, पूर्वी पाच वर्षे सदस्य असलेली. ठकी माधुरीसाठी भट्टी-भट्टी फिरली होती. गोरखने दुसरीला वाडीच्या मतांचा शब्द दिला होता. टेम्पोत या वेळी बाया पुढे बसल्या. शाळेच्या त्याच खोलीत, त्याच तऱ्हेच्या टेबलामागे बसलेल्या माणसाने तिचे नाव मोठ्याने वाचले, आणि ठकीला क्षणभर वाटले की कोणीतरी तिला खूप लांबून, नदीच्या पलीकडून हाक मारते आहे. ती "हां" म्हणाली. पुठ्ठ्याच्या आडोशामागे ती एकटीच होती. इतके एकटे ती आयुष्यात कधी नव्हती. भट्टीवर नाही, घरात नाही, नदीवरही कोणीतरी असे. तिथून बाहेर यावेसे तिला वाटेना. शेवटी बाहेरून कोणीतरी खाकरले.

माधुरी नऊ मतांनी पडली.

दोन दिवसांनी गोरख भट्टीवर आला तो मिशीला पीळ देतच. बाया ओळीने विटा थापत होत्या. दुसऱ्या ओळीतली दिपा तर उघडच सांगत होती की तिने माधुरीला मत दिले नाही. बाळाला ताप आला तेव्हा शेजारच्या वाडीच्या त्या बाईने आपल्या मुलाच्या मोटरसायकलवरून त्याला दवाखान्यात पोचवले होते. मत तिलाच दिले, पुन्हा विचाराल तर पुन्हा देईन. तिने सासूसमोरच हे म्हटले आणि साचा आपटून वीट मोकळी केली. आणखीही काही जणींनी तसेच केले असणार; नऊच तर मते होती.

गोरख ठकीच्या समोर उकिडवा बसला. "काय ग पुढारणी," तो म्हणाला, "माझी मोळी नाय बांधलीस, ते जाऊ दे. पण तुझी तरी कुठं बांधली गेली? ज्यांची नावं चढवलीस त्यांनीच तुझी पोरगी पाडली. अगं, तुझ्या घरातलं मतसुद्धा तुझं नाय!"

बायांचे हात थांबले. दिपाने मान खाली घातली.

ठकीने साच्यात गारा भरला, वरून हात फिरवून सपाट केला, आणि मान वर न करता म्हणाली:

"माजं कशाला असंल? तिचं हाय. तू कोनाला दिलंस, ते मी इचारलं काय?"